शिफ्ट एफ थ्री दाबायच्या आधी एवढं वाचा

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या पुरवणीत कम्प्युटरच्या छोट्या छोट्या युक्त्यांचं सदर येतं ते मी नेमाने वाचतो. त्यात मध्यंतरी इंग्रजी मजकूर कॅपिटलचा स्मॉल आणि स्मॉलचा कॅपिटल कसा करायचा ह्याची माहिती आली होती, म्हणजे मजकूर सिलेक्ट करा, शिफ्ट दाबून एफ थ्री दाबा, झालं काम, परत टाईप करायची गरज नाही. माहिती बरोबर आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण शेवटी असं म्हटलं होतं की ह्यात मजकुराला काही धक्का लागत नाही, आणि ते वाचल्यापासून मला राहवत नाहीये, कारण धक्का लागतो, चांगलाच लागतो, आणि लागलाय हे बऱ्याचदा कुणाच्या लक्षातही येत नाही. माझं रोजचं काम टायपिंग, डीटीपी आणि लोकांच्या एक्सेलच्या याद्या साफसूफ करून देणं हेच आहे, त्यामुळे ह्या विषयावर मला मनापासून बोलायचंय. पत्र लांबेल, पण कृपया पूर्ण वाचा.

आधी जे चांगलं आहे ते सांगतो. वर्डमध्ये होम टॅबवर फॉन्टच्या खान्यात एक मोठा ए आणि त्याला चिकटून छोटा ए असं बटण असतं, त्यात पाच प्रकार मिळतात: वाक्याचं फक्त पहिलं अक्षर कॅपिटल, सगळं स्मॉल, सगळं कॅपिटल, प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर कॅपिटल, आणि उलटापालट. शिफ्ट एफ थ्री परत परत दाबत राहिलं की ह्यातले मुख्य प्रकार एकामागून एक फिरत राहतात (लॅपटॉपवर कधी कधी एफएन पण सोबत दाबावं लागतं). लिबरऑफिसमध्येही हीच जोडी चालते. गूगल डॉक्समध्ये फॉरमॅट, मग टेक्स्ट, मग कॅपिटलायझेशन असं जावं लागतं. नोटपॅड प्लस प्लसमध्ये कंट्रोल यू ने स्मॉल आणि कंट्रोल शिफ्ट यू ने कॅपिटल. मोबाईलवर जीबोर्ड हा गूगलचा कीबोर्ड असेल तर शब्द सिलेक्ट करून शिफ्टचा बाण दाबला की तिथेही होतं, हे फारच कमी लोकांना माहितीये. उलटापालटवाला प्रकार लोकांना निरुपयोगी वाटतो पण कॅप्स लॉक चुकून चालू राहिला आणि मान वर केल्यावर पाच ओळी उलट्या झालेल्या दिसल्या की तोच प्रकार वाचवतो. एक्सेलमध्ये मात्र असं बटणच नाही, लोक शोधून शोधून दमतात, तिथे अप्पर, लोअर आणि प्रॉपर ही तीन फंक्शन्स वापरावी लागतात, आणि खरी भानगड तिथूनच सुरू होते, त्याकडे येतोच.

हे सगळं इतकं झटकन का होतं, तर कम्प्युटरला हे काम फार सोपं आहे. प्रत्येक अक्षराला आत एक नंबर असतो. आस्की नावाची जी जुनी यादी आहे तिच्यात कॅपिटल ए चा नंबर ६५ आणि स्मॉल ए चा ९७, कॅपिटल बी चा ६६ आणि स्मॉल बी चा ९८, असं झेडपर्यंत, प्रत्येक जोडीत फरक बरोबर ३२ चा. ३२ म्हणजे बायनरीमध्ये एकच बिट, तो चालू असेल तर स्मॉल आणि बंद असेल तर कॅपिटल. मुद्दाम तशी मांडणी केलेली आहे. १९६३ साली ही यादी पहिल्यांदा आली तेव्हा तर त्यात स्मॉल अक्षरं नव्हतीच, त्या जागा रिकाम्या होत्या, १९६७ च्या आवृत्तीत ती आली. तर एक बिट इकडचा तिकडे, एवढंच काम. आणि काम इतकं छोटं आहे म्हणूनच सगळ्यांना वाटतं की ह्यात बिघडण्यासारखं काय असणार.

बिघडतं ते असं. एखाद्या परिच्छेदात कुठली अक्षरं कॅपिटल होती ही पण एक माहिती आहे, लिहिणाऱ्याने विचार करून दिलेली. सगळं कॅपिटल केलं की ती माहिती पुसली जाते. नंतर सगळं स्मॉल करा नाहीतर प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर कॅपिटल करा, मशीनला मूळ कुठे काय होतं ते आठवत नाही, ते फक्त नियम लावतं. केलेलं मागे घ्यायला कंट्रोल झेड आहे, मान्य, पण फाईल सेव्ह करून बंद केली आणि दुसऱ्या दिवशी उघडली की कंट्रोल झेड पण नाही. वर्डचं ते वाक्याचं पहिलं अक्षर कॅपिटलवालं सेटिंग लोकांना सगळ्यात निरुपद्रवी वाटतं पण ते बाकी सगळी अक्षरं स्मॉल करून टाकतं, म्हणजे वाक्याच्या मधे आलेली माणसांची नावं, देशांची नावं, संस्थांची लघुरूपं सगळी स्मॉल. डब्ल्यूएचओ ही संस्था स्मॉल अक्षरात आली की इंग्रजी वाचणारा तिथे "कोण" असं वाचतो, आयटी खात्याचं "ते" होतं, यूएस चं "आम्हाला" होतं. स्पेलचेक लाल रेघ मारत नाही कारण स्पेलिंग बरोबरच आहे. छापून आल्यावर कळतं.

आता एक्सेलचं प्रॉपर. हे फंक्शन शब्द ओळखत नाही, ते एवढंच बघतं की ह्या अक्षराच्या आधी अक्षर आहे की नाही. आधी अक्षर नसेल तर कॅपिटल, असेल तर स्मॉल. त्यामुळे इंग्रजीत अपॉस्ट्रॉफी देऊन जो एस लावतात तो एस कॅपिटल होतो, कारण त्याच्या आधी अपॉस्ट्रॉफी आहे. तीन आकडा लिहून पुढे आरडी लावलं की आर कॅपिटल, कारण त्याच्या आधी आकडा आहे. मॅकडोनाल्डमधला मधला डी कॅपिटल असतो तो स्मॉल होतो. लुडविग व्हॅन बेथोव्हेनमधला व्हॅन आणि लिओनार्दो दा विंचीमधला दा हे स्मॉलने लिहायचे असतात ते कॅपिटल होतात. डीएनए, युनेस्को, एटीएम सगळ्यांचं फक्त पहिलं अक्षर कॅपिटल उरतं. आयफोनचा सुरुवातीचा आय मुद्दाम स्मॉल आणि पी कॅपिटल आहे, तिथे बरोबर उलटं होतं. हजारो नावांची यादी घ्या, वर एका रकान्यात फॉर्म्युला टाका, खाली ओढा, दोन सेकंदात सगळी यादी छान एकसारखी दिसायला लागते, आणि एकसारखी दिसतेय म्हणून कुणी तपासत नाही. मला तर हे दिसणंच जास्त घातक वाटतं. वेडीवाकडी यादी असली की माणूस निदान नजर ठेवून काम करतो.

बरं, नावांचं एक वेळ सोडा, माणूस समजून घेईल. पण जिथे कॅपिटल-स्मॉलवरच अर्थ ठरतो तिथे काय? विज्ञान शिकलेल्या कुणालाही विचारा. कॅपिटल सी आणि स्मॉल ओ म्हणजे कोबाल्ट, एक धातू. दोन्ही कॅपिटल केले की कार्बन मोनॉक्साईड, विषारी वायू. स्मॉल एम लावून वॅट लिहिलं तर मिलिवॅट, कॅपिटल एम लावला तर मेगावॅट, दोघांमध्ये १०० कोटी पटीचा फरक आहे, आणि कंट्रोल शिफ्ट यू ला तो फरक दिसत नाही. स्मॉल के म्हणजे किलो, कॅपिटल के म्हणजे केल्विन. स्मॉल बी म्हणजे बिट, कॅपिटल बी म्हणजे बाईट, आठ पटीचा फरक, इंटरनेटच्या स्पीडच्या जाहिराती वाचताना लोक इथेच फसतात. प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये हेडिंग भारदस्त दिसावं म्हणून सगळं कॅपिटल करतात आणि हेडिंगमधलं युनिट बदलून बसतं, असे रिपोर्ट माझ्याकडे बाइंडिंगच्या आधी येतात आणि मी दरवेळी हेडिंग घेऊन बसतो, युनिट परत जागेवर आणतो.

सगळ्यात जास्त जीव तुटतो तो औषधांच्या यादीबद्दल. औषधांच्या नावात काही जोड्या इतक्या सारख्या आहेत की घाईत एकाच्या जागी दुसरं उचललं जातं. व्हिनब्लास्टिन आणि व्हिनक्रिस्टिन, दोन्ही कॅन्सरची औषधं, दोघांचे डोस वेगळे, अदलाबदल झाली तर जीवावर बेतू शकतं. डोपामिन आणि डोब्युटामिन. प्रेडनिसोन आणि प्रेडनिसोलोन. हायड्रॅलझिन आणि हायड्रॉक्सिझिन. ह्यावर उपाय म्हणून नावातला जो तुकडा वेगळा आहे तेवढाच कॅपिटलमध्ये लिहायची पद्धत काढली, तिला टॉल मॅन लेटरिंग म्हणतात. म्हणजे व्हिनब्लास्टिन लिहिताना मधली बी एल ए एस ही चार अक्षरं कॅपिटल, व्हिनक्रिस्टिनमध्ये सी आर आय एस ही चार कॅपिटल, बाकी सगळी स्मॉल, म्हणजे नजर बरोबर त्या फरकावर अडकते. औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या अमेरिकेच्या एफडीए ह्या सरकारी संस्थेने २००१ साली अशा काही जोड्यांच्या उत्पादकांना लेबलवर हे वापरायला सुचवलं होतं आणि तेव्हापासून कितीतरी हॉस्पिटलांच्या सॉफ्टवेअरमध्ये हे वापरतात. आता कल्पना करा, अशी यादी एखाद्या नव्या सिस्टिममध्ये भरायची आहे आणि ती भरणाऱ्या मुलाला वाटलं की अरे ही नावं किती विचित्र टाईप केलीत, मधेच कॅपिटल मधेच स्मॉल, चला नीट करू. त्याने प्रॉपर लावलं. यादी सुंदर दिसते. आणि ज्या चार अक्षरांवर सुरक्षितता उभी होती ती चार अक्षरं गेली. त्या मुलाला दोष देऊन काय उपयोग, त्याला कुणी सांगितलंच नाही की मधेच कॅपिटल असणं ही चूक नसूही शकते.

लिंकांचं पण असंच आहे. वेबसाईटचं मुख्य नाव, डॉट कॉमपर्यंतचं, ते कसंही लिहा, कॅपिटल स्मॉल दोन्ही चालतं. पण त्याच्या पुढे तिरक्या रेघेनंतर जे येतं तिथे फरक पडू शकतो. यूट्यूबच्या प्रत्येक व्हिडिओला ११ अक्षरांची ओळख असते आणि त्यात कॅपिटल ए वेगळा, स्मॉल ए वेगळा. छोट्या केलेल्या लिंकांमध्येही तेच. पोस्टरवर किंवा पत्रिकेत उठून दिसावी म्हणून लिंक कॅपिटल केली की ती मेली, आणि छापील कागदावरून कुणी टाईप करून बघेपर्यंत कळतही नाही. ह्याच्या उलट एक गोष्ट सांगतो, क्यूआर कोडमध्ये एक प्रकार असा आहे की ज्यात फक्त कॅपिटल अक्षरं, आकडे आणि थोडी चिन्हं मिळून ४५ च खुणा बसतात, पण त्यात एका अक्षराला साडेपाच बिट पुरतात, जिथे एरवी ८ लागतात. म्हणून काही लोक मुद्दाम कॅपिटल लिंक देऊन क्यूआर सुटसुटीत करतात. चांगली युक्ती आहे, पण समोरचा सर्व्हर कॅपिटल-स्मॉल वेगळं धरत असेल तर तो सुटसुटीत क्यूआर कुठेच नेत नाही. फाईलच्या नावांचंही थोडक्यात सांगतो, विंडोजवर फोटोच्या नावातलं जेपीजी कॅपिटल असो की स्मॉल, तो सापडतो, तीच वेबसाईट लिनक्सच्या सर्व्हरवर चढवली की फोटो गायब. नवीन शिकणारी मुलं ह्यात रात्र रात्र घालवतात.

आता फॉर्म्सबद्दल बोलतो कारण ह्याचा त्रास सगळ्यांनाच होतो. कितीतरी ऑनलाईन फॉर्म असे आहेत की तुम्ही काहीही टाईप करा, ते कॅपिटल करून घेतात. कारण जुनं आहे. टेलिप्रिंटरच्या जमान्यात एका अक्षराला ५ बिट, म्हणजे ३२ च खुणा, त्यात कॅपिटल आणि स्मॉल दोन्ही बसवायला जागाच नव्हती. ती सवय पुढे कम्प्युटरमध्ये आली आणि मशीन बदलली तरी सवय राहिली. अमेरिकेच्या राष्ट्रीय हवामान सेवेचे अंदाज ह्याच कारणाने दशकानुदशकं सगळे कॅपिटलमध्ये निघायचे, ११ मे २०१६ पासून त्यांनी ते नेहमीसारख्या कॅपिटल-स्मॉल मिश्र अक्षरांत द्यायला सुरुवात केली. त्यांना जमलं, तर एका नाव-पत्त्याच्या फॉर्मला का जमू नये? कागदी फॉर्मवर हाताने लिहिताना कॅपिटल मागतात ते समजू शकतो, हस्ताक्षर वाचता आलं पाहिजे. टाईप केलेल्या अक्षराला हस्ताक्षराचा काय प्रश्न?

पासपोर्टचं उदाहरण घ्या, मला ते फार आवडतं. फोटोच्या पानावर खाली मशीनने वाचायच्या दोन ओळी असतात, प्रत्येकी ४४ खुणांच्या, त्यात फक्त कॅपिटल अक्षरं, आकडे आणि ते बाणाच्या टोकासारखं चिन्ह. मशीनची सोय तिथे वेगळी केलेली आहे. वर माणसाने वाचायचं नाव वेगळं छापलेलं असतं, ते खालच्या ओळींच्या नियमात कोंबलेलं नसतं. माझं म्हणणं नेमकं हेच आहे. माणसाने जे टाईप केलं ते जसंच्या तसं साठवा, आणि शोधायला, जुळवायला, छापायला जी काय कॅपिटल किंवा स्मॉल प्रत लागते ती बाजूला वेगळी करा. मूळ मजकुराला हात लावू नका. साठवणुकीची जागा आता इतकी स्वस्त झालीये की दोन प्रती ठेवायला काहीच अडचण नाही.

त्यात अजून एक वाईट प्रकार म्हणजे फॉर्म दाखवतो कॅपिटल पण पाठवतो स्मॉल. वेबपेजच्या सजावटीच्या भाषेत, सीएसएसमध्ये, टेक्स्ट ट्रान्सफॉर्म नावाची सोय आहे, ती अक्षरं नुसती दिसायला कॅपिटल करते. टाईप करणाऱ्याला वाटतं आपण कोड कॅपिटलमध्ये भरला, सर्व्हरकडे जातो स्मॉल, तिकडे तपासणी कडक असेल तर "कोड चुकीचा आहे" असं उत्तर येतं, माणूस स्क्रीनकडे बघून बघून वेडा होतो कारण स्क्रीनवर तर बरोबरच दिसतंय. असा एक फॉर्म माझ्याही वाट्याला आला होता, शेवटी कॅप्स लॉक लावून भरला तेव्हा गेला. सोय वाईट नाही, पण दिसणं आणि साठवणं ह्यात काय करायचंय ते बनवणाऱ्याने ठरवून घ्यायला हवं. आणि पासवर्डच्या खान्यात तर अक्षरांची केस (म्हणजे कॅपिटल की स्मॉल ते) कधीच बदलू नये, मोबाईलचा कीबोर्ड आपणहून पहिलं अक्षर कॅपिटल करतो तेही त्या खान्यात बंद असलं पाहिजे.

इंग्रजीत हे असं, मग बाकीच्या भाषांचं बघा. तुर्की भाषेत आय हे अक्षर दोन प्रकारचं आहे, एक टिंबवालं आणि एक बिनटिंबाचं, आणि दोघांनाही आपापलं कॅपिटल आहे, टिंबवाल्याच्या कॅपिटलवरही टिंब. त्यामुळे तुर्की सेटिंग असलेल्या कम्प्युटरवर इंग्रजीतला साधा कॅपिटल आय स्मॉल केला की बिनटिंबाचा होतो, आणि आतल्या एखाद्या कमांडच्या नावात आय असेल तर प्रोग्रॅमला ती सापडत नाही. जगभरच्या प्रोग्रॅमरांनी ह्यावर डोकं आपटलंय. जर्मनमध्ये एस्झेट म्हणून एक अक्षर आहे, कॅपिटल करताना त्याचे दोन एस करतात, म्हणजे एका अक्षराची दोन अक्षरं झाली, शब्दाची लांबीच बदलली. मग परत स्मॉल केलं की दोन एसच राहतात, एस्झेट परत येत नाही. त्याचं स्वतंत्र कॅपिटल युनिकोडमध्ये, म्हणजे जगभरच्या लिप्यांतल्या अक्षरांना नंबर देणाऱ्या सामाईक यादीत, २००८ साली आलं आणि जर्मन शुद्धलेखनात त्याला अधिकृत मान्यता मिळाली २०१७ मध्ये. ग्रीकमध्ये सिग्माचं कॅपिटल एकच पण स्मॉल दोन, शब्दाच्या शेवटी वेगळं आणि मधे वेगळं. म्हणजे ३२ मिळवा किंवा वजा करा हा नियम आपल्या ओळखीच्या सव्वीस अक्षरांपुरताच आहे. युनिकोडवाल्यांनी ह्यासाठी तुलना करायची रीत वेगळी ठेवलीये, तिला केस फोल्डिंग म्हणतात, ती फक्त जुळवाजुळव करण्यासाठी वापरायची, साठवायच्या मजकुराला लावायची नाही. इतकी साधी शिस्त पाळली तरी निम्मी भांडणं मिटतील.

आता आपल्या देवनागरीचं. तुम्ही म्हणाल आपल्या लिपीत कॅपिटल-स्मॉल नाहीच, मग आपल्याला काय त्याचं? युनिकोडमध्ये टाईप केलेल्या मराठीवर शिफ्ट एफ थ्री दाबा, खरंच काही होत नाही, मधे इंग्रजी शब्द असेल तर तेवढाच बदलतो. पण जुन्या फॉन्टचं काय? कृतीदेव आणि तसल्या फॉन्टमध्ये आतली अक्षरं इंग्रजीच असतात, वरून फक्त देवनागरीचा मुखवटा असतो, आणि कॅपिटल वेगळं चिन्ह, स्मॉल वेगळं चिन्ह. कृतीदेवमध्ये स्मॉल डी म्हणजे क आणि कॅपिटल डी म्हणजे अर्धा क. म्हणून वर्डमध्ये वाक्याच्या सुरुवातीला "कमल" टाईप केलं आणि स्पेस दिली की ऑटोकरेक्ट इमानदारीत पहिलं अक्षर कॅपिटल करतं आणि समोर "क्मल" दिसतं. "राम" लिहिला की "श्राम" होतो, कारण स्मॉल जे म्हणजे र आणि कॅपिटल जे म्हणजे श्र. आणि सगळा मजकूर स्मॉल केला तर "भारत" मधला भ उडतो आणि त्या जागी नुसती वेलांटी आणि काने लटकत राहतात, कारण अर्धा भ कॅपिटल एच वर होता आणि स्मॉल एच वर दीर्घ वेलांटी आहे. ह्या फॉन्टवर काम करणारा प्रत्येकजण नवीन मशीनवर बसला की आधी ऑटोकरेक्टमधली ती खूण काढतो, मगच टायपिंगला हात घालतो. पण ज्याला हे माहीत नाही तो बिचारा फॉन्ट खराब आहे म्हणून फॉन्टच परत परत टाकत बसतो.

रोमन अक्षरात मराठी लिहून देवनागरी करणाऱ्या पद्धतींमध्येही हेच. आयट्रान्ससारख्या पद्धतीत स्मॉल टी म्हणजे त आणि कॅपिटल टी म्हणजे ट, स्मॉल एन म्हणजे न आणि कॅपिटल एन म्हणजे ण, कॅपिटल ए म्हणजे आ आणि कॅपिटल एल म्हणजे आपला ळ. तसा लिहिलेला "बाळ" कुणी स्मॉल करून साठवला तर परत देवनागरी करताना "बल" बाहेर येतो. ळ आणि ण गेले तर मराठीचं काय उरलं सांगा! जुने लेख, जुनी पत्रं, लोकांनी हौसेनं गोळा केलेल्या कविता अशा रोमन फाईलींमध्ये अजून पडून आहेत, आणि त्या कुठे चढवताना एखादा प्रोग्रॅम सगळं स्मॉल करून घेतो तेव्हा त्यातली अक्षरं कायमची जातात. अशा फाईली ज्यांच्याकडे आहेत त्यांनी मूळ प्रत वेगळी ठेवून द्या, कॉपीवरच काय ते प्रयोग करा, ही कळकळीची विनंती.

तर मग करायचं काय? वर्डमध्ये हेडिंग कॅपिटल हवं असेल तर मजकूर सिलेक्ट करून कंट्रोल शिफ्ट ए दाबा. ही ऑल कॅप्सची फॉरमॅटिंग आहे, अक्षरं दिसतात कॅपिटल पण आत तुम्ही टाईप केलेलं जसंच्या तसं असतं, परत तेच दाबलं की मूळ मजकूर समोर येतो, महिन्याने फाईल उघडली तरी. शिफ्ट एफ थ्री आणि ह्याच्यात हाच मोठा फरक आहे आणि हे कुठल्याही क्लासमध्ये शिकवलेलं मी ऐकलं नाही. फक्त एक लक्षात ठेवा की युनिट, रासायनिक चिन्हं वगैरे हेडिंगमध्ये असतील तर तेवढी ह्यातून वगळा, कारण वाचणाऱ्याला तर कॅपिटलच दिसणार. एक्सेलमध्ये प्रॉपर किंवा अप्पर लावायचंच असेल तर नवीन रकान्यात लावा, जुना रकाना डिलीट करू नका, पाहिजे तर लपवून ठेवा, आणि मग दोन्ही रकाने एक्झॅक्ट फंक्शनने ताडून बघा, कारण साधं बरोबरचं चिन्ह कॅपिटल-स्मॉलमधला फरक धरतच नाही, यादीत नोंद शोधून देणारं व्हीलुकअप फंक्शन पण धरत नाही. जिथे जिथे फॉल्स, म्हणजे दोन्ही जुळत नाहीत असं, उत्तर येईल त्या ओळी डोळ्याखालून घाला. वेळ जातो, पण लघुरूपं, मॅकवाली आडनावं, मधेच कॅपिटल असलेली नावं सगळी तिथेच सापडतात. गूगल डॉक्स वापरत असाल आणि मजकूर आधीच बदलून बसला असेल तर फाईल मेनूतली व्हर्जन हिस्टरी बघा, जुनी प्रत तिथे बहुतेक मिळते.

आणि सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांकडे मागणं एवढंच की अख्ख्या फाईलची केस बदलायच्या आधी कुठले शब्द बदलणार आहेत ते दाखवा. ज्या शब्दात मधेच कॅपिटल आहे, किंवा जो सगळाच कॅपिटल आहे, तो शब्द हाताने टाईप करणाऱ्याने मुद्दाम तसा लिहिला असण्याची शक्यता जास्त, तो वेगळ्या रंगात दाखवून विचारा. शोध-आणि-बदलमध्ये "मॅच केस" ची चौकट इतकी वर्षं आहे, केस बदलण्यात अशी एकही चौकट नाही.

आपल्या सदरात पुढच्या वेळी कंट्रोल शिफ्ट ए ची युक्ती द्यावी, शिफ्ट एफ थ्रीच्या शेजारीच द्यावी, आणि मजकुराला धक्का लागत नाही हे वाक्य दुरुस्त करावं. कृतीदेववाल्यांसाठी ऑटोकरेक्ट बंद कसं करायचं हे पण चार ओळीत दिलंत तर फार बरं होईल: फाईल, ऑप्शन्स, प्रूफिंग, ऑटोकरेक्ट ऑप्शन्स, आणि तिथे वाक्याचं पहिलं अक्षर कॅपिटल करण्याची खूण काढायची.

कळावे,
आपला नियमित वाचक,
एक डीटीपी ऑपरेटर